पालखी वरवंडला गेल्यावर

मुतखड्याच्या कळा आल्या म्हणून गुऱ्हाळावरच्या काकांचा सीटी स्कॅन झाला. खडा पडून गेला, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ राहिली: डाव्या ॲड्रिनलमध्ये दोन सेंटिमीटरची गाठ. यवतमध्ये ‘गाठ’ म्हटलं की पुढचा शब्द कॅन्सरच. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, काढूनच टाकू. जमीन विकू हवं तर.”

ॲड्रिनल म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली, चार-पाच ग्रॅमची ग्रंथी. पन्नाशीनंतर शंभरातल्या दोघा-तिघांना तिथं अशी गाठ सापडते, बहुतेक निरुपद्रवी. पूर्वी अशा रिपोर्टवर मी ‘पुण्याला दाखवा’ एवढंच लिहून मोकळा व्हायचो. ती सावधगिरी नव्हती, आळस होता.

आता आधी रेडिओलॉजिस्टला फोन लावतो, कारण हवा तो आकडा रिपोर्टात नसतोच: साध्या, विना-डाय स्कॅनवर गाठीची घनता किती? एकसारखी आणि दहा हाउन्सफिल्डच्या आत असेल, तर ती चरबीनं भरलेली साधी गाठ. काकांची चार निघाली. घनता जास्त असती तर मेटानेफ्रिन तपासून फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनलिनसारखी हार्मोन्स सोडणारी गाठ, नाही ना हे पाहिल्याशिवाय पुढं गेलो नसतो. तशा गाठीला नकळत सुई टोचली तर रक्तदाब असा उसळतो की माणूस टेबलावरच जातो.

उरला प्रश्न, गाठ गुपचूप जास्त कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, बनवते का? रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी, सकाळी आठला रक्त; गोळीनं कॉर्टिसॉल दबायला हवं. काकांना विचारलं, गुडघ्यासाठी कुठल्या पुड्या घेता का? त्यांत स्टेरॉइड असलं तर सगळा हिशेब चुकतो. घेत नव्हते. पण दोन दिवसांवर तुकोबांच्या पालखीचा यवतचा मुक्काम होता, आणि त्या रात्री काका पिठलं-भाकरीच्या पंगतीत जागणार. जागरणानं, दगदगीनं कॉर्टिसॉल चढतं.

“पालखी पुढं वरवंडला जाऊ द्या. नीट झोपा दोन रात्री, मग गोळी.”

“गाठ तोवर वाढली तर?”

“चार दिवसांत नाही वाढत.”

कॉर्टिसॉल १.१ आलं, १.८ पर्यंत चालतं. रक्तदाब, साखर ठीक. ऑपरेशन नाही, पुन्हा स्कॅनही नाही. मुलाला हे पटवायला अर्धा तास गेला. ऑपरेशनची चिठ्ठी दोन मिनिटांत लिहून झाली असती. ‘काहीच करायचं नाही’ याची फी कशी घ्यायची, हे मला अजून जमलेलं नाही. काका जाताना गुळाची ढेप ठेवून गेले.