केनिक्स्टनचे लाल घर

वेल्सची राजधानी कार्डिफ. या शहराच्या पश्चिमेस सेंट फॅगन्स येथे एक खुले संग्रहालय आहे. १९४८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात वेल्सच्या निरनिराळ्या भागांतून उचलून आणलेल्या चाळीसहून अधिक जुन्या वास्तू झाडीत विसावल्या आहेत. मुलाबाळांकडे त्या देशी जाणे झाले, तर तेथील केनिक्स्टन या शेतकऱ्याच्या घरापाशी थोडा अधिक वेळ थांबा.

हे घर मूळचे गाउअर द्वीपकल्पातील लानगेनिथ गावचे. १६१० च्या सुमारास ते बांधले गेले आणि पुढच्या पिढ्यांनी गरजेप्रमाणे वाढवले. जाड दगडी भिंती, लहान खिडक्या आणि पेंढ्याने शाकारलेले उतरते छप्पर. नजर खिळते ती भिंतींच्या गडद लाल रंगावर. या रंगाने दुष्ट शक्ती दाराबाहेर राहतात, अशी श्रद्धा होती. अंगणातील लाल फळांचे रोवनचे झाडही त्याच रक्षणासाठी लावलेले.

उन्हातून आत शिराल, तर दोन क्षण उंबऱ्यापाशीच उभे राहा. आत अंधूक उजेड असतो, आणि उतारवयात डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वेळ लागतो. नजर स्थिरावली की मोठी चूल दिसते आणि तिच्या शेजारी लाकडी कपाटासारखा बंदिस्त पलंग. थंडी-वाऱ्याच्या प्रदेशात घरातील सर्वांत उबदार जागा निजण्यासाठी राखली होती. घर बांधणाऱ्याला माणसाच्या देहाची किती जाण होती, हे त्या एका पलंगावरून कळते.

वेल्समध्ये पाऊस पुष्कळ. जुन्या दगडी भिंती थोडी ओल शोषतात आणि वारा-ऊन मिळताच ती बाहेर टाकतात. सांध्यांतील चुना आणि वरून दिलेला चुन्याचा हात या ये-जा करण्याला आड येत नाहीत. अशा भिंतीला मजबुतीच्या हौसेने सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आतच कोंडते, बुरशी धरते, आणि दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाला ते घर बाधू लागते. म्हणून जाणकार जुन्या वास्तूची डागडुजी शक्यतो मूळच्याच साहित्याने करतात, आणि तीही गरजेपुरतीच. औषधोपचारात, विशेषतः वृद्धांच्या, हाच संयम आम्हा डॉक्टरांनाही पाळावा लागतो.

वास्तू जिथली तिथे जपणे केव्हाही उत्तम. ते शक्य नसते, तेव्हा स्थलांतराचा मार्ग उरतो. केनिक्स्टनचे घर १९५० च्या दशकात उतरवून सेंट फॅगन्सला पुन्हा उभारले गेले. अशा कामात आधी मोजमापे आणि छायाचित्रे घेतात, दगड-तुळयांवर खुणा करतात, आणि मगच पहिला दगड हलवतात. कोण कोणाशेजारी होता, हे विसरून चालत नाही.

तेथे उभा असताना मला माझी आई आठवली. गावचे घर सोडून तिला आम्ही शहरातील सदनिकेत आणले. पलंग नवा, गादी नवी, भिंतीवरचे घड्याळही नवे. गावी रात्री उठल्यावर न्हाणीघर तिच्या उजव्या हाताला असे. येथे ते डावीकडे आले. तिसऱ्या रात्री ती उजवीकडे वळली आणि भिंतीशी पडली. खुब्याचे हाड मोडले. मी डॉक्टर, पण पलंग कोणत्या बाजूला लावावा, हे तिला विचारायचे मला सुचले नव्हते.

घरातील वृद्धांना हलवण्याची वेळ आपल्यावर आली, तर आधी त्यांच्या खोलीची छायाचित्रे घ्या. पलंगाचे तोंड, उठण्याची बाजू, हाताशी असलेला तांब्या, देवांची जागा, घड्याळ आणि दिव्याचे बटण शक्य तितके तसेच मांडा. जुनी गोधडी टाकू नका. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा आणि वाटेतील सैल पायपुसणी काढून टाका. पहिले काही दिवस रात्री कोणीतरी जवळ निजा. नव्या जागी त्या व्यक्तीला अचानक भ्रम होऊ लागला, दिवस-रात्र कळेनासे झाले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडू नका. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे औषध त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वेल्सच्या सरकारी वारसा-संस्थेचे नाव ‘कादू’. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जपणे’ असा आहे. केनिक्स्टनच्या दगडांना नव्या जागीही आपले शेजारी परत मिळाले. आपल्या माणसांच्या बाबतीत निदान तेवढे तरी आपल्या हातून व्हावे.