रजा आईची, मूल दोघांचं

आम्ही शाळेतल्या बायका एकमेकींना पगार सांगत नाही. पण कोणाची नोकरी का सुटली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. बहुतेक वेळा कारण एकच, बाळ झालं.

कायदा तसा आमच्या बाजूने आहे. 1961 च्या कायद्यातली 12 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा 2017 मध्ये, पहिल्या दोन मुलांसाठी, 26 आठवडे झाली. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं झालं. रजेवरच्या बाईला कामावरून काढता येत नाही.

पण विमा योजना लागू नसेल तिथे हा सगळा पगार संस्थेने स्वतः द्यायचा असतो. मग मुलाखतीत नव्या नवरीला प्रश्न येतो, "पुढचा विचार काय?" विनाअनुदानित शाळेत नेमणुकीची ऑर्डर वर्षभराचीही नसते. रजा मागितली की पुढच्या जूनमध्ये नवी ऑर्डर निघत नाही. काढलं, असं कोणी म्हणत नाही. आमच्यातली एक सहा वर्षं गणित शिकवत होती. बाळंतपणानंतर दुसऱ्या शाळेत लागली, तर पगार पुन्हा पहिल्या वर्षाचा.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत त्याला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. म्हणजे मूल बाईचंच, हे कायद्यानेही मान्य केलं. स्वीडनने 1974 मध्ये ही रजा आईबाप दोघांची केली. तरी बाप आपला वाटा बायकोलाच देत राहिले. म्हणून 1995 पासून एक महिना राखीव झाला. एकाने तो घेतला नाही तर दुसऱ्याला मिळत नाही, बुडतो. आज 480 दिवसांपैकी प्रत्येकाचे 90 दिवस असे राखीव आहेत. बापांनी मूल सांभाळायला घेतलं ते तेव्हापासून जास्त.

मेहर बाईची, तिची कमाईही तिची, घरखर्च नवऱ्याच्या जिम्मे, हे आमच्या घरांत लहानपणापासून ऐकवलं जातं. पण कमाईच थांबली, तर हा हक्क कशावर सांगायचा?

म्हणून बहिणींनो, नेमणुकीची ऑर्डर आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल, तर रजेचा अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. आणि सून नोकरीवर परत निघाली की आपल्या मुलाला सांगा, आज बाळाला तू सांभाळ.