भारी गिटारवाला

साताऱ्यात कॉलेजच्या गॅदरिंगला एखादा पोरगा लाखाच्या घरातली इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, की त्यानं तार छेडायच्या आधीच विंगेत निकाल लागतो. ‘बापाचा पैसा आहे.’ ‘हातात काही नसणार.’ हे बोलणारे श्रोते नसतात, वादकच असतात. अमेरिकेतही हेच. १९८५ साली सुरू झालेल्या पॉल रीड स्मिथ कंपनीच्या झळझळीत मेपलच्या गिटारींना तिथले वादक दातांच्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या गिटारी म्हणून हिणवतात. कार्लोस सांतानानं वर्षानुवर्षं तीच गिटार वाजवली, तरी हा शेरा पुसला गेला नाही.

मला हा शेरा सांगली जिल्ह्यात, मिरजेत, जास्त टोचतो. इथल्या शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली. या परंपरेच्या आरंभी फरीदसाहेबांचं नाव घेतलं जातं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. ते वाळवायचे, कापायचे, त्यांना तबली आणि तुनाच्या लाकडाची दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या. आणि शेवटी जवारी. घोडीचा माथा कानशीनं इतका हलका उतरवायचा की तार त्याला घासून बोलली पाहिजे, आणि तारेखाली सूत सरकवलं की सुराभोवती दुसरे सूर उमलले पाहिजेत. यात मोजपट्टी चालत नाही. कारागीर कान लावतो, घासतो, पुन्हा कान लावतो. गिऱ्हाइकाला नक्षी दिसते, ही मेहनत दिसत नाही. म्हणून नक्षीदार तंबोरा दिसला की गाणारे नाक मुरडतात, ‘दिवाणखान्यातला’ म्हणतात. आणि मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करणाऱ्या गरीब मुलीलाही हेच लोक बोल लावतात! महाग घेतलं तर मिरवतो, स्वस्त घेतलं तर सुराची चाड नाही. मग माणसानं गायचं तरी कशावर?

२०१० मध्ये इंडियानापोलिस इथं २१ व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून, जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. बहुतेकांनी नवं व्हायोलिन निवडलं. अतिशय महाग मानलं जाणारं, स्ट्राडिवारी या जुन्या कारागिराचं एक वाद्य तर सर्वांत नावडतं ठरलं. महाग वाद्यांची टर उडवणारे हा दाखला आनंदानं देतात. पण वाद्याची किंमत नुसत्या कानाला कळत नसेल, तर ‘महाग म्हणजे पोकळ’ हेही त्या कानानं ठरवलेलं नाही, डोळ्यांनीच ठरवलं आहे. त्यात असूया असते, आणि ती मला समजतेही. चांगल्या वाद्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवणाऱ्याला दुसऱ्यानं ते सहज उचललेलं पाहून दुखतं. ते दुखणं खरं आहे. त्यापायी समोरच्याचं वाजवणं न ऐकणं मात्र मला पटत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं, पण जवारी काढणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं घरात चूल पेटती राहावी लागते. मैफली गाजवणारे गवई असून असून किती असणार? निवृत्तीनंतर सूर लावू पाहणारे प्राध्यापक, रविवारी सतार शिकणारे डॉक्टर, पहिल्या पगारातून तंबोरा सांगणाऱ्या मुली, यांच्या ऑर्डरींवरही हे कारखाने चालतात. त्यांच्यातला कुणी उत्तम गाईल, कुणी गाणार नाही. कारागीर मात्र दोघांच्या घोडीवर सारखाच कान लावून बसतो.