शॅडच्या मागावर: क्लिंचपासून पीडमाँटपर्यंत

मस्की हा पाईक कुळातला सर्वांत मोठा मासा. सेंट लॉरेन्स, पंचमहासरोवरे, मिसिसिपीचा वरचा भाग आणि ओहायो नदीचे खोरे हा त्याचा मूळ प्रदेश. विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या नैसर्गिक सरोवरांत तो बहुधा पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून असतो आणि तिथेच त्याला गाठतात. टेनेसी, केंटकी व ओहायोतल्या अनेक धरणांत मात्र त्याचे मुख्य भक्ष्य शॅड हा मासा आहे. तिथे मस्कीचा ठिकाणा शॅड ठरवतो.

शॅड हा हेरिंगच्या गणातला, म्हणजे आपल्या हिलशाचा दूरचा नातलग. रुपेरी, चपटा, काटेरी पर नसलेला. मस्कीला गिळायला सोपा. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून आणि तळचा गाळ चाळून तो जगतो. काठाच्या आडोशाशी तो बांधलेला नसतो. त्याचे थवे मोकळ्या पाण्यात सतत फिरतात, आणि खाली खोल तळ असतानाही मस्की मध्येच, थव्याच्या पातळीवर तरंगत राहतो. काठावर गळ फेकणाऱ्याला अशा वेळी मासा भेटत नाही, याचे कारण एवढेच.

ऑक्टोबरअखेरीचा आमचा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेला होता. पहिला मुक्काम टेनेसीत ओक रिजजवळ, क्लिंच नदीवरच्या मेल्टन हिल जलाशयावर. वरच्या बाजूला १९३६ साली पुरे झालेले नॉरिस धरण आहे. त्याच्या तळातून सुटणाऱ्या पाण्यामुळे मेल्टन हिल शेजारच्या जलाशयांपेक्षा थंड राहतो. थ्रेडफिन जातीच्या छोट्या शॅडला थंडी सोसत नाही. पाणी ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की तो मरू लागतो. त्यामुळे बुल रन औष्णिक केंद्रातून बाहेर पडणारे कोमट पाणी इथे हिवाळ्यात फार मोलाचे होते. शॅड तिथे गोळा होत, मस्की त्यांच्या मागे येत, आणि होड्या मस्कीच्या मागे. केंद्र २०२३च्या अखेरीस बंद झाले. कोळशाचा धूर थांबला हे चांगलेच झाले, पण हिवाळ्यातला तो हुकमी पत्ताही गेला. टेनेसीचा विक्रमी मस्की, ४३ पौंड १४ औंसांचा, याच जलाशयात २०१७ मध्ये मिळाला.

तिथून केंटकीत, लेक्सिंग्टनवरून मोरहेड. डॅनियल बून राष्ट्रीय वनात लिकिंग नदी अडवून १९७०च्या दशकात केव्ह रन जलाशय झाला. क्षेत्र ८,२७० एकर. लिकिंगमध्ये मस्की धरणाआधीपासून होता. आज धरणाखालच्या मायनर क्लार्क मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्ले जलाशयात सोडतात. केंटकीचा ४७ पौंडांचा विक्रम २००८चा आणि इथलाच.

शॅडचे वार्षिक फिरणे केव्ह रनवर नीट समजते. वसंताच्या उत्तरार्धात शॅड अंडी घालायला काठाशी येतात, तेव्हा मस्कीही उथळ पाण्यात असतो. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. खालच्या थंड थरात प्राणवायू उरत नाही, म्हणून भक्ष्य आणि भक्षक दोघेही वरच्या पट्ट्यात अडकतात. शरदात पाणी निवू लागले की शॅड ओढ्यांच्या मुखांतून आत, फाट्यांच्या टोकापर्यंत शिरतात. आम्ही पोहोचलो ते याच दिवसांत. बुडालेल्या झाडांच्या खोडांमध्ये सोनारच्या पडद्यावर शॅडचे ढग दिसत, आणि ढगाखाली एखादी जाड, एकटी रेघ. ती रेघ मस्कीची असण्याची शक्यता मोठी.

पण थवा सापडला म्हणजे काम झाले, असे नाही. चहूकडे खाद्य असताना आपले एक आमिष माशाने का निवडावे? म्हणून ते थव्याच्या मधोमध न नेता कडेने किंवा किंचित वरून नेतात. मस्कीची नजर वर लागलेली असते. खोल पाण्यात शॅडच्या आकाराचे क्रँकबेट हे कृत्रिम आमिष होडीमागे ओढत नेणे, म्हणजे ट्रोलिंग, ही सर्वांत भरवशाची रीत. फेकून मारणारे लोक आमिष होडीजवळ आल्यावर काठीच्या टोकाने पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढतात. मागे आलेला मस्की पुष्कळदा त्या वळणावरच झडप घालतो.

शेवटचा टप्पा पूर्व ओहायोतला पीडमाँट. आकाराने लहान, पण राज्याचा ५५.१३ पौंडांचा विक्रम १९७२पासून याच्या नावावर आहे. इथेही शॅड, म्हणजे त्यातली गिझार्ड जात, हेच प्रमुख खाद्य, आणि शरदातली ट्रोलिंगची रीतही तीच.

तिन्ही ठिकाणी अनुभवी मंडळी मासा सोडून देतात. मोठे जाळे, लांब पक्कड आणि गळ कापायची कातर जवळ असल्याशिवाय मस्कीच्या वाटेला जाऊच नये. जाळे पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि माशाला आडवा, दोन्ही हातांनी आधार देऊन उचलावा. पाणी २७ अंशांवर गेले की झुंजीने दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. त्या आठवड्यांत मस्कीसाठी गळ टाकत नाहीत.