बाराला सहाने भाग जातो

"अंकासाठी काहीतरी लिहून दे," असे आमच्या मराठीच्या सरांनी सांगितले, तेव्हा मी चटकन 'हो' म्हणून बसले आणि मागाहून पंचाईत झाली. मी याच महाविद्यालयात गणित घेऊन बी. ए. झाले आणि सध्या विद्यापीठात एम. ए. करते आहे. कलाशाखेत राहून गणित घेणाऱ्या मुलीकडे दोन्ही शाखांचे लोक जरा सहानुभूतीनेच पाहतात. प्रवासवर्णन लिहावे, तर माझा प्रवास नेरे ते गणेशखिंड एवढाच. कविता मला होत नाहीत. तेव्हा आमच्या शनिवारच्या सेमिनारविषयीच लिहिते. गणिताला भिणाऱ्यांनी पान उलटू नये. यात एक समोसा आहे आणि अठ्ठेचाळीस गुंठ्यांचे एक खाचर आहे.

हा सेमिनार विभागाच्या वेळापत्रकात नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर आम्ही चौघेजण चहा पीत बसलो होतो. एकाने विचारले, "त्या चौथ्या प्रश्नातली सिद्धता तुम्हांला कळली होती का?" चौघांनीही ती पानभर लिहिली होती, आणि कळली कोणालाच नव्हती. हसू आले, आणि मग जरा भीतीही वाटली. दोन वर्षे असेच लिहीत राहिलो तर पदवी मिळेल, पण पुढे कोणी एखादे पोर 'असे का?' म्हणून विचारील तेव्हा काय सांगायचे? दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले : 'शनिवार, दुपारी तीन. विद्यार्थ्यांचा सेमिनार. ज्याला आपल्याला काहीतरी कळत नाही असे वाटते त्याने यावे.' अकराजण आले.

नियम पहिल्याच दिवशी ठरले. बोलणारा दर आठवड्याला चिठ्ठी टाकून निवडायचा. हातात कागद घ्यायचा नाही. कोणीही, कुठेही थांबवून 'हे कसे?' म्हणून विचारावे. बोलणारा अडला तर पाच मिनिटे कोणी त्याला सांगायला जायचे नाही. आणि शेवटचा नियम, जो पुढे माझ्या अंगाशी आला : 'हे उघडच आहे' असे जो म्हणेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आमचे एक सर कधीमधी येतात, मागच्या बाकावर बसतात. ते पहिल्यांदा आले तेव्हा दारात उभे राहून "येऊ का?" म्हणून त्यांनी आम्हांला विचारले होते. त्या दोन शब्दांनी आम्ही एकदम मोठे झालो.

ही कल्पना काही आमची नव्हे. जर्मनीत क्योनिग्सबर्ग येथे याकोबी आणि नॉयमन यांनी १८३४ साली गणित आणि भौतिकीचा सेमिनार सुरू केला, तेव्हापासून विद्यार्थ्याने स्वतः उभे राहून विषय मांडायची रीत तिकडे रुळली. फेलिक्स क्लाइन हा तर मोठा पद्धतशीर माणूस. त्याच्या सेमिनारात जो बोले, तो आपल्या भाषणाचा सारांश स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवून ठेवी. १८७२ ते १९१२ अशा चाळीस वर्षांच्या त्या एकोणतीस वह्या गटिंगेनला अजून आहेत. आठ हजारांवर पाने भरतील. इतके दूर तरी कशाला जायचे? मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली निघाली. तिथे परदेशांतून मोठमोठे गणिती व्याख्यानांना येत आणि त्यांची टिपणे तिथले तरुण विद्यार्थी लिहून काढीत. संस्था ती छापी. दुसऱ्याला वाचता येईल असे लिहायचे म्हणजे आधी आपल्याला कळावे लागते, ही त्यातली मेख. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे १९५३ साली विद्यार्थी म्हणून तिथे आले. १९६५ साली दोघांनी मिळून सिद्ध केलेले प्रमेय आज जगभर त्यांच्या जोडनावाने ओळखले जाते. त्यांतले नरसिंहन तामिळनाडूतल्या एका खेड्यात जन्मलेले. हे वाचल्यावर मला नेऱ्याचे जरा कमी वाईट वाटू लागले.

नेऱ्याचे वाईट वाटायचे म्हणजे काय, ते सांगायला हवे. आमचे गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडे. भाताची खाचरे अजून आहेत, पण त्यांच्या बांधावर उभे राहिले की समोर इमारतींचे मनोरे दिसतात. सकाळी मी हिंजवडीकडून वाकड, औंध करीत विद्यापीठात जाते, तेव्हा संगणकावर काम करणारी सारी दुनिया समोरून माझ्या गावाच्या दिशेने येत असते. माझे शिक्षण मराठीतून झाले. विद्यापीठात पहिले काही महिने मी वर्गात एक शब्द बोलले नाही. गणिताची भीती नव्हती. 'देअरफोर' म्हणताना आवाज कसा निघेल, याची होती. सेमिनारातही मी वही लिहिण्याचे काम मागून घेतले, कारण वही लिहिणाऱ्याला बोलावे लागत नाही.

पण चिठ्ठी कोणाला सोडीत नाही. पाचव्या आठवड्याला माझे नाव निघाले. मी चाचरत म्हटले, "मी मराठीतून बोलले तर चालेल का?" नागपूरचा एकजण म्हणाला, "फळ्यावरचे बरोबर असले म्हणजे झाले." त्याला अर्थात चटकन बोलता आले, तो इंग्रजी शाळेतला.

विषय होता लाग्रांजचे प्रमेय. इथे समोसा येतो. कॅन्टीनचा समोसा चारी बाजूंनी सारखा आहे असे समजा. कॅन्टीनच्या बाबतीत हे समजणे कठीण आहे, तरी समजा. तो उचलून, फिरवून, पुन्हा पहिल्यासारखाच दिसेल असा किती प्रकारे ठेवता येईल? एक टोक चिमटीत धरून तिसरा हिस्सा वळवता येतो किंवा दोन तृतीयांश. टोके चार, म्हणून असे आठ प्रकार. समोरासमोरच्या दोन कडांच्या मध्यांतून काडी खुपसून अर्धा फेरा देता येतो, असे तीन. आणि काहीच न करणे हा एक. एकूण बारा. या बारांचा मिळून एक गट होतो : एकापाठोपाठ एक अशा कोणत्याही दोन क्रिया केल्या, तरी त्या बारांतलीच एखादी क्रिया केल्यासारखे होते. या गटाच्या पोटात लहान गट असतात. लाग्रांजचे म्हणणे असे, की पोटातल्या गटाच्या संख्येने मोठ्या गटाच्या संख्येला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे बारांच्या पोटात पाचांचा किंवा सातांचा गट शोधणे व्यर्थ. गंमत अशी, की त्याने हे १७७०-७१ साली समीकरणांचा विचार करताना मांडले. 'गट' ही कल्पना तेव्हा जन्मलीच नव्हती.

सिद्धता मी खाचराच्या वाटणीसारखी सांगितली. पोटातला गट हा पहिला वाटा. त्याच मापाचे दुसरे, तिसरे वाटे पाडत जायचे. दोन वाटे एकमेकांवर चढत नाहीत, काही शिल्लक राहत नाही, सगळे सारखे. म्हणून भाग जातो. बांध, वाटा, शिल्लक हे शब्द माझ्या तोंडात बसलेले. आवाज निघत होता. लोक माना डोलावत होते. मला इतके बरे वाटले, की मी डौलात म्हटले, "आणि याच्या उलटही उघडच खरे आहे. बाराला सहाने भाग जातो, म्हणून सहांचा गटही मिळतो."

मागून दोनतीन आवाज आले, "चहा!" हशा झाला. पण खालच्या वर्गातली एक मुलगी हसली नाही. तिने विचारले, "ताई, दाखवाल का तो?"

मी दाखवायला गेले. एकाचा, दोघांचा, तिघांचा, चौघांचा गट मिळाला. सहांचा होईना. एक क्रिया घेतली की ती दुसरीला ओढून आणी, दुसरी तिसरीला, आणि सहा ओलांडून सगळे बारा गोळा होत. पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही हा नियम. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. मागे पंख्याचा आवाज. पाच मिनिटे इतकी लांब असतात हे मला आजवर ठाऊक नव्हते. शेवटी मी वळून म्हटले, "मला येत नाही. बहुतेक मी चूक बोलले." वर्गात असे वाक्य मी जन्मात उच्चारले नसते. कोणी काही म्हटले नाही. नागपूरकर फक्त म्हणाला, "मग पुढच्या शनिवारी पण तुझेच." वहीत त्या दिवशी मीच लिहिले : 'उलट विधान - सिद्धता नाही. चहा ११.'

त्याच आठवड्यात आमच्या घरी खरोखरची वाटणी निघाली. आजी-आजोबा दोघेही गेल्यानंतर खाचर सामाईकच होते. आता शेजारच्या जमिनींना भाव आले, गुंठ्यागुंठ्याने व्यवहार होऊ लागले, तेव्हा आप्पा आणि माझे दोन्ही चुलते ओसरीवर बसले. खाचर अठ्ठेचाळीस गुंठ्यांचे. सोळा, सोळा, सोळा. आत्याला तिच्या सासरहून बोलावून घेतले होते, ते हक्कसोडीसाठी. पौडला जाऊन सही करायची, साडीचोळी घ्यायची, माहेर शाबूत ठेवायचे. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून तर सही हवी होती.

मी आतल्या दाराशी बसून समोशाची कोष्टके मांडत होते. सहज मनात आले, अठ्ठेचाळीसला चारानेही भाग जातो. बारा, बारा, बारा, बारा. एक गुंठाही शिल्लक राहत नाही. भाग जातो, पण वाटा पडत नाही. मी काही बोलले नाही. सेमिनारातले धैर्य ओसरीपर्यंत आलेले नव्हते.

रात्री आत्या माझ्याजवळ अंथरूण घालून पडली. "काय गं लिव्हतीस एवढं?" तिने विचारले. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. मी उठून एक बटाटा आणला, त्याला चार टोके काढली आणि तिला सगळे सांगितले. कोणालातरी सांगितल्याशिवाय सुटणार नाही असे वाटत होते. सहांचे घर झाले, तर बारांचे बरोबर दोन भाग होतात : घरातले सहा आणि बाहेरचे सहा. अशा वेळी कोणतीही क्रिया लागोपाठ दोनदा केली, की ती घरातच येऊन पडते. एवढे मी पुस्तकातून सोडवून घेतले होते. आत्याने बटाटा हातात घेऊन टोक चिमटीत धरले आणि फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "ह्यो मोठा फेरा दोनदा दिला की बारका फेरा व्हतोय. आन् बारका दोनदा दिला की मोठा."

"हो."

"मंग ही आठी घरात येत्यात की. सहाच्या घरात आठ कशी बसवनार?"

मी अंथरुणातच उठून बसले. दोन तृतीयांश फेरा दोनदा दिला, की एक पूर्ण फेरा आणि वर तिसरा हिस्सा. आठही क्रिया कुणाच्या ना कुणाच्या दुप्पट आहेत, म्हणून आठही घरात. घर सहांचे. तेव्हा असे घर नाही. संपले.

शनिवारी मी हे फळ्यावर मांडले. दोनदा केलेली क्रिया घरात का पडते, हे त्या खालच्या वर्गातल्या मुलीने पुन्हा विचारले आणि मी पुन्हा सांगितले. या वेळी 'उघड' हा शब्द चुकूनही तोंडात येऊ दिला नाही. मागे बसलेल्या सरांनी विचारले, "ही युक्ती कुठल्या पुस्तकातली?" सिद्धता पुस्तकांत आहेच, ती नवी नव्हे. पण मी खरे ते सांगितले, की मला ती आत्याने सांगितली. त्यांना विनोद वाटला नाही. "मग वहीत तसे लिही," एवढेच ते म्हणाले. त्याप्रमाणे पृष्ठ ३१ वर आत्याचे नाव आहे.

ते पान मी तिला दाखवायला घरी आणले होते. तिने नाव बोट ठेवून वाचले, आणि वही मिटून आपल्या पिशवीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पौडला जायला तयार होऊन ओसरीवर आले, तेव्हा आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आवरलं का गं?" आप्पांनी विचारले.

"सहीचं भात निघाल्यावर बघू, दादा," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

या शनिवारी नागपूरकराची चिठ्ठी निघाली आहे. तीन वाजता.