धौलाधारवरचा एक दिवस

डोंगरावर एकट्याने जाऊ नये, असे आपल्याकडे सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांचे काही चुकते, असेही नाही. पाय मुरगळला तर हाक मारायला कोणी नसते. धुक्यात वाट हरवली तर दुसऱ्याचे डोळे उपयोगी पडत नाहीत. तरीही माणसे एकटी जातात. हेर्मान बूल हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक ३ जुलै १९५३ रोजी नंगा पर्वताच्या ८१२६ मीटर उंच माथ्यावर एकटाच पोहोचला आणि उतरताना अंधार पडला म्हणून सारी रात्र त्याने कड्यावर उभ्याने काढली. राइनहोल्ड मेसनर २० ऑगस्ट १९८० रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर एकटा गेला, तोही प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय. ही थोरांची गोष्ट झाली. कला शाखेत शिकणाऱ्या आणि कळसूबाईच्या पायथ्याशी वाढलेल्या माझ्यासारख्याने त्यांच्या पंक्तीला बसायला जाऊ नये. पण एकट्याने जाण्यात नेमके काय असते, हा प्रश्न लहानांनाही पडतोच. मला तो गेल्या जूनमध्ये पडला.

आमचे गाव अकोले तालुक्यातले. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर, आमच्या लेखी ते रोजचेच. कातळाची खोबणी चाचपून मगच भार टाकायचा, घसाऱ्यावरून टाच रोवून उतरायचे, हे आम्ही न शिकवता शिकलो. बर्फ मात्र फक्त रसवंतीवरचा ठाऊक. मे महिन्यात मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत (स्थापना १९६१) प्राथमिक अभ्यासक्रम केला, तेव्हा बर्फावर चालणे, बुटाच्या टोकाने पायऱ्या करणे, घसरलो तर कुऱ्हाडीचे टोक बर्फात रोवून स्वतःला अडवणे, हे सारे अंगवळणी पडले. पण तेथे प्रत्येक पावलाला शिक्षकांची नजर होती. ‘थांब’ म्हटले की थांबायचे, ‘चल’ म्हटले की चालायचे. बरोबरची मुले आपापल्या गाड्या पकडून घरी गेली आणि मी धरमशाळेला उतरलो. त्या नजरेवाचून आपल्याला किती येते, ते मला पाहायचे होते.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. ते एस.टी.त ड्रायव्हर. सारी नोकरी घाटात गेलेली. मला वाटले होते, ते जाऊ नको म्हणतील. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “चढायचं मला नको सांगू. माघारी कधी फिरणार, ते सांग.”

मी म्हटले, “नऊ वाजता. असेन तिथून.”

“मग लिहून ठेव. आणि ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.”

ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा घाटातल्या ड्रायव्हरचा जुना नियम आहे. उतारावर गाडी आपसूक पळते, म्हणून ब्रेकवर विसंबायचे नाही. मी वहीच्या पानावर ‘सकाळी ९’ असे लिहिले आणि ते पान शर्टाच्या खिशात ठेवले. जाण्यायेण्याची खाली नोंद केली आणि दुपारी त्रिउंडच्या पठारावर चढून गेलो.

धौलाधार म्हणजे पांढरी रांग. कांगडा खोऱ्याच्या सातआठशे मीटर उंचीच्या शेतांमागून ती एकदम उठते आणि साडेचार हजार मीटरच्या वर जाते. मध्ये पायथ्याच्या टेकड्यांची लांबलचक प्रस्तावना नाही. त्रिउंड सुमारे २८५० मीटरवर आहे. मला जायचे होते ती इंद्रहार खिंड ४३४२ मीटरवर. म्हणजे दीड हजार मीटरचा चढ, आणि दिवस मावळायच्या आत थेट धरमकोटपर्यंतचा उतार.

रात्री दोन वाजता कपाळावरची विजेरी लावून निघालो. लाका गोटच्या कुरणाशी पोहोचलो तेव्हा मेंढ्यांचा वास आला आणि कुत्री भुंकली. एक म्हातारा गद्दी मेंढपाळ शेकोटीशी बसला होता. अंगात लोकरीचा चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढे. हे लोक हिवाळा खालच्या टेकड्यांत काढतात आणि उन्हाळ्यात कळप घेऊन याच खिंडींतून चंबा-लाहौलच्या कुरणांकडे जातात. तो बर्फ आणखी थोडा वितळण्याची वाट पाहत थांबला होता. “अकेले हो, बेटा?” एवढेच त्याने विचारले. मी होय म्हटले. मग वर बोट दाखवून त्याने हिंदीत सांगितले ते असे : उन्हाच्या आधी वर जायचे, ढगांच्या आधी खाली यायचे. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

लाहेश गुहेपाशी, म्हणजे पुढे झुकलेल्या एका प्रचंड शिळेच्या आडोशाला, उजाडले. तेथून वर बर्फाने भरलेली नाळ होती. नाळ म्हटले की आपल्याला दगडगोट्यांची सह्याद्रीतली घळ आठवते. ही तशीच, फक्त गोटे सारे बर्फाखाली गाडलेले. रात्रीच्या थंडीने पृष्ठभाग काचेसारखा झाला होता. बुटांना क्रॅम्पॉन बांधले. पोलादी दात बर्फात करकर रुतत होते आणि त्या आवाजाखेरीज साऱ्या डोंगरात दुसरा आवाज नव्हता. कोठे बर्फाखालून पाणी वाहताना ऐकू आले की मी बाजूने वळसा घेई, कारण उन्हाळ्याच्या आरंभी ओढ्यावरचा बर्फ खालून पोखरलेला असतो. कातळ तापून लगतचा बर्फ वितळतो, म्हणून कडेला माणूस उतरेल एवढ्या फटी पडल्या होत्या. त्यांवरून लांब पाय टाकून खडकावर जायचे. खडक मात्र ओळखीचा वाटला. आपल्या काळ्या बसॉल्टपेक्षा तो करडा, स्फटिकांनी खरखरीत. पण हात त्याला तोच प्रश्न विचारत होते : धरू का? भार टाकू का?

सव्वाआठ वाजता खिंडीत पोहोचलो. त्रिशूळ खोचलेली दगडांची रास होती. दक्षिणेला कांगड्याची सपाटी धुरकट दिसत होती. उत्तरेला रांगांमागून रांगा, आणि त्यांत मणिमहेश कैलास, ५६५३ मीटर. त्या शिखरावर आजवर कोणी पाऊल ठेवले नाही, असे मानतात. यात्रेकरू त्याच्या पायथ्याच्या तळ्यात स्नान करतात आणि तेथूनच हात जोडून परततात.

वेळ हातात होता, म्हणून धारेवरून हातापायांनी चढत मी लगतच्या खडकाळ माथ्यावर गेलो. उघडी धार होती, दोन्ही बाजूंना खोल उतार, पण पकडी भक्कम होत्या. माथ्यावर बसून घड्याळ पाहिले : नऊला पाच कमी. आणि समोर, एका बर्फाळ खोबणीपलीकडे, दुसरा माथा उभा होता. याहून उंच, देखणा. अर्ध्या तासाचे काम.

मित्रहो, त्या पाच मिनिटांसाठीच हा लेख लिहीत आहे. त्या वेळी माझ्यात सरळ दोन माणसे बोलू लागली. एक म्हणत होता, हवा स्वच्छ आहे, पायांत बळ आहे, इतक्या लांब पुन्हा कधी येणार? दुसरा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मी खोबणीपर्यंत उतरून कुऱ्हाडीचा दांडा बर्फात खुपसला. दोन तासांपूर्वी टोकही न शिरणाऱ्या बर्फात तो मुठीपर्यंत गेला. उतार दक्षिणेकडचा, ऊन केव्हाच त्यावर आले होते. तेव्हा तो दुसरा बोलला, आणि त्याचा आवाज अण्णांसारखा होता : माघारी कधी फिरणार, ते सांग.

मी मागे वळलो. दुःख झाले नाही, असे म्हणणार नाही. वळताना त्या माथ्याकडे पाहायचे मी टाळले.

उतरणे चढण्यापेक्षा कठीण निघाले. नाळेत बर्फ मऊ झाला होता, पाय गुडघ्यापर्यंत जात होता, क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे चिकटत होते. दर काही पावलांना थांबून कुऱ्हाडीने ते ठोकून पाडायचे. तीव्र उतारावर तोंड डोंगराकडे करून शिडी उतरल्यासारखा उतरलो. बाजूने दोन-तीन तरुण बसून घसरत, ओरडत खाली गेले असते तर मीही गेलो असतो की काय, कोण जाणे. पण कोणीच नव्हते. मी त्याच गिअरात उतरलो. एकदा वरून दोन दगड सुटले. रात्रभर बर्फाने धरून ठेवलेले दगड ऊन लागले की मोकळे होतात. माझ्यापासून बऱ्याच अंतरावरून ते उड्या घेत गेले, आणि त्यांचा आवाज खाली कितीतरी वेळ ऐकू येत राहिला.

दुपारी लाका गोट सोडले तेव्हा मागे वळून पाहिले. सारी धार ढगांत गेली होती आणि गडगडाट चालू होता. पण माझे परतणे ढगांमुळे बरोबर ठरले, असे मी मानत नाही. आकाश संध्याकाळपर्यंत निळे राहिले असते तरी तो निर्णय तेवढाच बरोबर होता. तो जे समोर दिसत होते त्यावर घेतला होता, पुढे काय झाले त्यावर नव्हे.

एकट्याने जाणे म्हणजे कोणाचेही न ऐकणे, अशी माझी समजूत होती. अनुभव नेमका उलटा आला. सोबती असले की एकाने पुढे ओढायचे आणि दुसऱ्याने आवरायचे, अशी कामे वाटली जातात. एकट्याला दोन्ही करावी लागतात. ओढणारा सगळ्यांजवळ जन्मजातच असतो. आवरणारा कोठून आणायचा, हा खरा प्रश्न. तो शिक्षकांनी, मेंढपाळाने, घरच्यांनी आधीच आपल्यात ठेवलेला असतो. त्याला बोलू देण्यापुरती शांतता मात्र आपण राखावी लागते. परीक्षा, नोकरी, प्रेम, कोणत्याही चढणीवर हे लागू पडेल, असे मला वाटते; पण मला ते बर्फात कळले, म्हणून बर्फापुरतेच लिहितो.

सहाच्या सुमारास धरमकोटला पोहोचलो आणि घरी फोन लावला. नऊ वाजता फिरलो, हे सांगितले. न चढलेल्या माथ्याबद्दल काही बोललो नाही.

अण्णा म्हणाले, “बरं झालं. जेवून घे आता.”