बोर्ड पाहावा घेऊन!

निळ्या रंगाची भीती वाटलीये कधी तुम्हाला? मला वाटते. मागच्या मे महिन्यात, रात्री दोन वाजता, सकाळी नऊची डेडलाइन डोक्यावर असताना माझा अख्खा मॉनिटर निळा झाला. व्हिडिओचं रेंडर ८७ टक्क्यांवर आलं होतं. शेजारच्या गादीवर झोपलेल्या धाकट्यानं एक डोळा उघडला आणि म्हणाला, ''ताई, रीस्टार्ट कर ना. होतं असं कधीकधी.''

होतं असं कधीकधी?

फ्रीलान्सरच्या आयुष्यात 'आयटीवाल्याला बोलवा' हा प्रकार नसतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात एकच पीसी. दिवसा तो माझं ऑफिस असतो आणि रात्री धाकट्याचं रेसिंग सर्किट. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरातल्या प्रत्येक स्क्रूवर त्याचा जन्मसिद्ध हक्क. सकाळी उलटतपासणी घेतली तेव्हा साहेबांनी कबुली दिली. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता. आमचा रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि गरज पडली तर ४.२ पर्यंत, असं कंपनीनंच ठरवून दिलेलं. यानं सहाही कोअर कायमचे ४.३ वर नेऊन बसवलेले. वर ३२००ची रॅम ३६००ला पळवलेली.

''पण मी टेस्ट केलं होतं गं! दहा मिनिटं सिनेबेंच चालवलं. काही झालं नाही.''

दहा मिनिटं. माझं काम रात्रभर चालतं, राजा.

रेंडर पुन्हा करता आलं. सेटिंग मूळ पदावर आणून, क्लायंटला खोटं सांगून ('लाइट गेली होती' हे वाक्य डोंबिवलीत कोणीही डोळे झाकून मान्य करतं) मी अकरा वाजता फाइल पाठवली. खरा फटका आठवड्यानं कळला.

लालबागच्या एका आजींची मी मुलाखत घेतली होती. १९८२च्या गिरणी संपात त्यांच्या मिस्टरांची नोकरी गेली, ती कायमचीच. पाऊण तासाचं शूटिंग होतं. त्यात एके ठिकाणी त्या बोलता बोलता थांबल्या, घरातली भांडी एकेक करून कशी विकली ते सांगू लागल्या आणि रडल्या. कॅमेऱ्याचं कार्ड मी घरी कॉपी केलं आणि पुढच्या कामासाठी रिकामं केलं. आता ती फाइल अकराव्या मिनिटाला अडकत होती. पुढे नुसते हिरवे-जांभळे चौकोन.

तोवर मला वाटायचं, कॉम्प्युटर अस्थिर म्हणजे तो हँग होणार, बंद पडणार, निदान ओरडून सांगणार. तसं नसतं. रॅम झेपेल त्यापेक्षा जास्त वेगानं पळत असेल, तर एखादा बिट गुपचूप उलटा होतो. मशीन चालू राहतं, 'कॉपी कम्प्लीट' म्हणतं आणि डिस्कवर कचरा लिहिलेला असतो. धाकट्यानं त्या रात्री जुन्याच सेटिंगवर मेमटेस्ट लावली. पहिल्याच फेरीत स्क्रीनवर लाल ओळी. ३२००वर आणली तर एकही चूक नाही. तो माझ्याकडे बघेना. मीही दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आजींकडे परत गेले. त्यांनी चहा दिला, सगळं पुन्हा सांगितलंही. पण पाच मिनिटांत. ''सांगितलं की गं तुला मागं,'' म्हणाल्या.

बरं, एवढं करून ओव्हरक्लॉकनं मिळवलं काय? तेच रेंडर दोन्ही सेटिंगवर घड्याळ लावून केलं. २३ मिनिटांचं काम २२ मिनिटांत होत होतं.

आमच्या घरातलं हे वेड मामाकडून आलंय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मामा कॉम्प्युटर असेंबल करून विकायचा. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, तेव्हाच्या कथा तो अजूनही क्रिकेटच्या मॅचसारख्या सांगतो. गणित सोपं होतं. प्रोसेसरचा गुणक साडेचारवर कुलूपबंद. त्याला ६६च्या जागी १०० मेगाहर्ट्झची बस दिली की ३००चा प्रोसेसर ४५०वर पळायचा. पण झेपेल तो आपला. प्रत्येकाला झेपायचंच असं नाही. तेव्हा मामाकडे दोन बोर्डांची चर्चा असायची, आसुसचा पी२बी आणि अबिटचा बीएच६. दोन्हींवर इंटेलचा तोच ४४०बीएक्स चिपसेट. पी२बीवर वेग बदलायचा तर डबा उघडून जंपर हलवायचे. बीएच६मध्ये तेच काम बायोसच्या मेनूतून व्हायचं, व्होल्टेजसुद्धा तिथूनच वाढवता यायचं. कॉलेजची पोरं बीएच६ मागायची. सीएच्या ऑफिसला मामा पी२बी द्यायचा. ''त्या ऑफिसातून मला कधी फोन आला नाही. हेच माझं सर्टिफिकेट,'' असं तो म्हणतो. (अबिट तर २००८च्या अखेरीस मदरबोर्डच्या धंद्यातूनच बाहेर पडली. मामा अजून हळहळतो.)

आमच्या पीसीचा डबा उघडून मामानंच दाखवलं. प्रोसेसरच्या बाजूला बारक्या काळ्या चौकोनांची रांग असते, शेजारी करड्या ठोकळ्यांसारख्या कॉइल. हा व्हीआरएम. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात जेमतेम सव्वा-दीड. मधलं सगळं काम या रांगेचं. वेग आणि व्होल्टेज वाढवलं की आधी घाम फुटतो तो हिला. आमच्या बोर्डवर ही रांग उघडी होती, वर हीटसिंकचा पत्रासुद्धा नाही. परीक्षणं लिहिणारे बोर्ड एसीत बसून तपासतात. आमची खोली मे महिन्यात दुपारी ३६ अंशांवर असते आणि पंखाही गरम हवाच फिरवतो. साधं काम या बोर्डनं कुरकुर न करता केलं असतं. ओव्हरक्लॉकिंग हे त्याचं कामच नव्हतं.

मग एका शनिवारी आम्ही बहीणभाऊ दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोड! पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण तसं विचारलंत तर कोणी पत्ता सांगणार नाही. काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला, ''मॅडम, गेमिंग के लिए या ऑफिस के लिए?''

यांच्या जगात तिसरी जात नाही. मला हवा होता रात्रभर घाम गाळणारा आणि सकाळी काहीच न झाल्यासारखा वागणारा बोर्ड.

समोर तीन खोकी आली. एक स्वस्तातला ए५२० चिपसेटचा. याच्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होतच नाही, म्हणजे धाकट्यावर कायमचं लॉक! माझा हात तिथेच गेला होता, खोटं कशाला बोलू. दुसरा वरातीसारखा. दिवे, ड्रॅगन, बंदुका. किंमत अशी की माझे दोन लेख त्यातच जावेत. तिसरा बी५५० चिपसेटचा, दिसायला अगदी सरकारी. पण व्हीआरएमवर दोन जाड हीटसिंक, बायोस अपडेट फसला तर पेनड्राइव्हवरून परत टाकायची सोय, आणि कंपनीच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत आमचीच रॅम. ही यादी बघायची असते हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. रोज संध्याकाळी तुलनेचे तक्ते घेऊन बसलेली मी बघून आई म्हणाली होती, ''एवढं तर तू स्थळंही बघत नाहीस.''

एक गोष्ट या वाचनातूनच कळली आणि धाकट्यावरचा राग जरा उतरला. आपण हात न लावताही बोर्ड ओव्हरक्लॉक करतात! जाहिरातीत चार आकडे पुढे दिसावेत म्हणून बऱ्याच कंपन्या 'ऑटो' सेटिंगमध्येच मर्यादा सैल ठेवत. २०२३ साली रायझनचे काही ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाले, तेव्हा एएमडीला बायोस बदलायला लावून एसओसीचं व्होल्टेज १.३वर बांधून घ्यावं लागलं. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर क्रॅश होऊ लागले. आधी बोट बोर्डांच्या सैल सेटिंगकडे गेलं. मग जुलैमध्ये इंटेलनंच मान्य केलं, की त्यांचा मायक्रोकोड प्रोसेसरला जास्त व्होल्टेज मागत होता. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे आवरलं नाही, ते आमच्या थर्ड इयरला आवरायला हवं होतं, असं मी म्हणत होते.

बी५५० घेतला. निम्मे पैसे धाकट्यानं दिले, इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून, न मागता. घरी आल्यावर त्यानं दोन रात्री मेमटेस्ट आणि एक अख्खा रविवार प्राइम९५ चालवलं, पंखा बंद करून. स्वतः घामाघूम होऊन दर तासाचं तापमान कागदावर लिहीत होता. तो कागद अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

आता चार महिने झाले. प्रोसेसर मूळ सेटिंगवर, रॅम ३२००वर. सांगण्यासारखं काहीही घडलेलं नाही. बोर्डचा मित्रमंडळींत बढाई मारायला शून्य उपयोग.

परवा रात्री माझी फाइल क्लायंटला गेली, तशी धाकट्यानं खुर्ची जवळ ओढली. ''ताई, नवीन हीटसिंक आहेत... एकदाच ४.४ ट्राय करू?''

मी कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन लावली.

''कर,'' म्हटलं. ''पण उद्या सहाच्या आत सगळं परत जागेवर.''